न्हय म्हाराजा

माड मोजून झाले आणि मग भाटकाराने मला मोजलं.

मी नुकताच अठरा वर्षांचा झालो होतो. मिशी फुटायची होती, ती मी आईच्या काजळाने काढून पेडण्याच्या बाजारात फिरायचो. त्या दिवशी भाटकाराच्या घरापुढे उन्हात उभा होतो. एका हातात शहाळी, दुसऱ्या हातात कोयता. वर पडवीत सोप्यावर भाटकार बसलेला. सोपो म्हणजे दाराशी बांधलेली बैठक. तो सोपो आमच्या आजा-पणजाने बांधला, दर वर्षी आम्हीच धुवून-पुसून चकचकीत केला, पण आमच्यातल्या कुणाचं बूड त्याला कधी टेकलं नाही. मुंडकार पडवीखाली उभा राहतो. हे कुणी शिकवत नाही. पाय आपोआप थांबतात.

परक्यांसाठी सांगतो. भाट म्हणजे माडांची बाग. तिचा मालक भाटकार. त्या बागेत त्याच्या जमिनीवर घर बांधून पिढ्यान् पिढ्या राहणारे, माड राखणारे, नारळ सोलणारे, ते मुंडकार. घर आमचं, घराखालची माती त्याची. म्हणजे आम्ही जन्मभर दुसऱ्याच्या ताटातच उभे.

भाटकाराच्या शेजारी निवडणुकीला उभा राहिलेला एक माणूस होता. पांढरे कपडे असे कडक की बसताना कागदासारखे वाजले. भाटकाराने त्याला सगळं भाट फिरवून दाखवलं होतं. हे जुने माड, ते नवे माड, ही विहीर. आता बोट माझ्याकडे वळलं.

"आणि ही मतां. हेका धरून सतरा."

"पक्की?" पांढऱ्या कपड्यांनी विचारलं.

भाटकार हसला. म्हणाला, "माडाक कोण इचारता, नारळ देतलंस काय म्हणान?"

दोघंही हसले. आणि मीही हसलो.

ते हसू अजून माझ्या दाताखाली आहे. भातातला खडा लागावा तसं. भाटकाराचं बोलणं मी विसरलो असतो. माझं हसणं विसरलो नाही.

मी शहाळं तासून वर धरलं. पांढऱ्या कपड्यांनी ते घेता घेता मला विचारलं, "तू कोणाचो रे?" आमच्याकडे पोराला असंच विचारतात. कुणाच्या घरातला, कुणाचा मुलगा. मी बापाचं नाव सांगायला तोंड उघडलं.

"आमचोच," भाटकार म्हणाला.

झालं. माझा बाप तेवढ्यात पुसला गेला.

आता माझ्याबद्दल. पेडणे तालुक्यात माझ्याएवढं खोटं बोलणारा दुसरा माणूस नाही. होता एक, तो निवडून आला. मी पायलट आहे. विमानाचा नव्हे, मोटरसायकलचा. गोव्यात गाडीमागे गिऱ्हाईक बसवून नेणाऱ्याला पायलट म्हणतात. मोप्याला विमानतळ झाला तेव्हा मी गावात सांगत सुटलो, की सरकारने मला पत्र पाठवलंय, तुझ्यासारखा अनुभवी पायलट आमच्याकडे नाही, येऊन विमान घे. साखळीच्या एका म्हातारीने खरं मानलं आणि माझ्या हातावर साखर ठेवली. मी साखर खाल्ली.

माझी सर्वांत गाजलेली गोष्ट राखणदाराची. आमच्या भाटात एका जुन्या वडाखाली राखणदाराचं स्थान आहे. हातात काठी, पायात वहाणा, रात्री शिवेवरून फिरतो म्हणतात. तर हा राखणदार एका संध्याकाळी पत्रादेवीच्या नाक्यावर माझ्या गाडीमागे बसला. म्हणाला, पाय दुखतात, सोड घरी. मी म्हटलं, म्हाराजा, हेल्मेट घाला, पुढे पोलीस आहेत. तर त्याला हेल्मेट बसेना. डोकं चार घागरींएवढं. शेवटी पोलिसानेच त्याला नमस्कार केला आणि दंड माझ्याकडून घेतला. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय, की हल्ली मलाच वाटतं, गाडीचं मागचं स्प्रिंग त्याच्याच वजनाने गेलं असावं.

तर असा मी. सगळ्या पेडण्याशी खोटं बोलणारा. एका माणसाशी मात्र खरं बोलायचो.

मत घालून आलं, की आम्ही सगळे मुंडकार रांगेने भाटकाराच्या अंगणात जायचो. तो सोप्यावरून विचारायचा, "कोणाक?" आम्ही सांगायचो. एकेक करून, खाली बघून, खरं. त्याने ज्याचं नाव सांगितलं होतं त्यालाच दिलेलं असायचं, त्यामुळे खोटं बोलायची गरजच नव्हती. मग वळचणीला उपडे ठेवलेले आमचे वेगळे कप काढले जायचे. चहा. त्या चहासाठी मी दर निवडणुकीला रांगेत उभा राहिलो. गोड असायचा हो चहा. तेही सांगायला हवं.

हे सगळं बांधलेलं होतं गाऱ्हाण्याने. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. घाडी पुढे उभा राहतो, हातात नारळ धरतो आणि देवाशी मोठ्याने बोलतो. तो एकेक वाक्य म्हणणार आणि मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणणार, "व्हय म्हाराजा!" पोरगं बोलायला लागलं की आधी आई म्हणतं, मग व्हय म्हाराजा. घाडी काय म्हणतोय ते कुणी ऐकत नाही. त्याचा श्वास थांबला की आपला व्हय निघतो. शिंक येते तसा.

निवडणूक आली की भाटकार राखणदाराकडे गाऱ्हाणं ठेवायचा. गुरांढोरांना सांभाळ, व्हय म्हाराजा. पोराबाळांना सांभाळ, व्हय म्हाराजा. वाकडी नजर दूर कर, व्हय म्हाराजा. आणि मग तसल्याच सुरात, तसल्याच चालीत: ह्या भाटाची मतं भाटकार सांगेल तिथेच पडतील, जो शब्द मोडील त्याला तू सोडू नको.

व्हय म्हाराजा.

नारळ फुटला की शब्द पक्का. आणि भीती घालायला एक गोष्टही होती. एका मुंडकाराने म्हणे शब्द मोडला आणि दुसऱ्या दिवशी माडावरून पडून मेला. ही गोष्ट म्हातारा भाटकार प्रत्येक वेळी सांगायचा. मी मन लावून ऐकायचो. गोष्ट रचणाऱ्याला दुसऱ्याने रचलेली गोष्ट वासावरून कळते. एका निवडणुकीला तो माणूस विहिरीकडच्या माडावरून पडला. पुढच्या निवडणुकीला गोठ्याजवळच्या. त्याच्या पुढच्या वेळी तर तो पडलाच नाही, राखणदाराने वर जाऊन त्याची मान पिरगाळली. मनात म्हणायचो, बाब, गोष्ट चांगली आहे पण माड तरी एक ठरवा. मनातच. तोंडाने व्हय म्हाराजा.

म्हातारा गेला. त्याने माडांबरोबर मतंही मुलाच्या नावावर करून ठेवली होती.

भाटकाराला आम्ही बाब म्हणतो. हा धाकटा बाब माझ्याच वयाचा. पुण्याला शिकलेला. पायात रबरी चप्पल, तोंडात गोड बोलणं. सगळ्यांना 'रे बाबा' म्हणतो. त्याने सगळ्यांत आधी काय केलं, तर भाटाच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं. दोन हत्ती खांद्याला खांदा लावून जातील एवढं रुंद, आणि त्याला कुलूप माझ्या डोक्याएवढं. कारण विचारलं तर म्हणाला, "सेफ्टी, रे बाबा." दिल्लीचे लोक भाट बघायला येत होते. त्यांना इथे बंगले बांधायचे होते. आमची घरं त्या बंगल्यांच्या बरोबर मधोमध येत होती.

गेटच्या बाजूला माणूस अंग चोरून जाईल एवढी फट ठेवली होती. आमच्यासाठी. माझी मोटरसायकल बाहेर रस्त्यावर. पोदेराची सायकल बाहेर. पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर गेटाबाहेरून पों पों करायचा आणि आई आतून ओरडायची, "अरे उंडे आत फेक रे, माजे दात खंय लोखांड चावतले!"

मग एका सकाळी आई चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली.

मी आत धावलो. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती घाबरली नव्हती, गोंधळली होती. उजव्या हाताने डावा हात चाचपत मला म्हणाली, "झिला, माजो हात खंय गेलो?"

हात तिथेच होता. तिच्या मांडीवर.

ॲम्ब्युलन्स आली. लवकर आली. मी खोटं बोलणारा माणूस असून सांगतो, सरकारची गाडी लवकर आली. आणि गेटाबाहेर थांबली. आतल्या बाजूला खुर्चीवर राखणदार होता, तो आमचा नव्हे, पगारी. कुठूनसा लांबून आलेला कोवळा पोरगा.

"चाबी?"

"चाबी साब के पास है."

"साब खंय?"

साब एअरपोर्टवर. दिल्लीच्या पाहुण्यांना आणायला. मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. उचलला नाही. गेटाच्या पलीकडे ॲम्ब्युलन्सचा लाल दिवा गरगरत होता आणि अलीकडे मी कुलपावर दगड घालत होतो. कुलूप चांगल्या प्रतीचं होतं.

शेवटी प्लास्टिकची कदेल, म्हणजे खुर्ची, आणली. आईला तिच्यात बसवलं, शेजारच्या जयरामने एक बाजू धरली, मी दुसरी. माडांमधून, झावळ्यांवरून, दगडांवरून. फटीतून कदेल जाईना. मग आईला उचलून आडवी केली आणि पोतं द्यावं तशी फटीतून पलीकडे दिली. माझी आई. सगळ्या भाटाचे नारळ सोलणारी बाई. पलीकडच्या नर्सने डोकं धरलं, मी पाय सोडले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. एवढंच म्हणाले. आई वाचली. डावा हात परत आला नाही.

बाब दवाखान्यात आला. सफरचंदं घेऊन आला. म्हणाला, "व्हायला नको होतां, रे बाबा. परत येतलंस तेव्हा प्रत्येक घराक एकेक चावी देतंय. फकत आधी गाऱ्हाणां होऊंदे."

"गाऱ्हाणां कसलां?"

"निवडणूक आयली मरे."

मी काही बोललो नाही. माझ्यासारखा बडबड्या माणूस गप्प बसला, की सगळ्यांना वाटतं, मानलं. बाबलाही वाटलं.

गाऱ्हाण्याच्या दिवशी वडाखाली सगळे जमले. पारावर पाट मांडला होता आणि पाटावर चाव्या. नव्याकोऱ्या, पितळी, प्रत्येकीला लाल दोरा बांधलेला. देवापुढे ठेवल्या होत्या. माणसं देवाकडे बघत नव्हती, चाव्यांकडे बघत होती. बाब बाजूला उभा. त्याच्या शेजारी या वेळचे पांढरे कपडे. मला खात्री होती, कपडेसुद्धा तेच, फक्त आतला माणूस बदललेला.

घाडी पुढे झाला. बाबी घाडी नाव त्याचं, आमच्यातलाच, घसा असा की माडावरची घार उडावी. नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या भाटाच्या चार शिवांचो तू धनी. ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. त्यात काही वाईट नव्हतं.

"हेंच्या गुराढोरांक, मुलाबाळांक बरां कर!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर पडली आसात, ती दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या भाटाची मतां भाटकार सांगतलो थंयच पडतली, असो हेंनी एकमुखान शब्द दिलो आसा..."

घाडीचा श्वास थांबला.

त्या एका श्वासात मला आईचे पाय दिसले. फटीतून पलीकडे जाणारे. टाचांना चुलीची राख लागलेली. आणि मला माझं जुनं हसू ऐकू आलं, अठरा वर्षांच्या पोराचं, काजळाच्या मिशीखालचं.

माझा आवाज साधा नाही. मी पेडण्याच्या बाजारात गिऱ्हाईक हाकारलं, तर सावंतवाडीत माणसं बॅगा भरायला घेतात. तो आवाज सगळ्यांच्या आधी निघाला.

"न्हय म्हाराजा!"

बाकीच्यांचा 'व्हय' निम्म्यात अडकला. 'व्ह' झाला, पुढे येईना. माणसं तोंडं उघडी ठेवून उभी राहिली. एका अक्षराचा तर फरक. पण गाऱ्हाण्यात न्हय कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

बाबी घाडी मागे वळला. "काय म्हणलंस?"

"न्हय म्हाराजा. मी शब्द दिलंय नाय."

घाडीला राग आला नव्हता. त्याला पुढे काय करायचं तेच कळेना. व्हय म्हटल्यावर नारळ फोडायचा, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलेलं. न्हय म्हटल्यावर नारळाचं काय करायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. तो नारळ घेऊन नुसता उभा. इकडे बघतो, तिकडे बघतो. हातात कुणाचं तरी तान्हं पोर दिल्यासारखा.

"अरे मेल्या," जयराम मागून कुजबुजला, "राखणदार भाजून खातलो आमकां!"

"काय खायना," मी मोठ्याने म्हटलं. "माजी वळख आसा. माज्या गाडयेर बसलेलो तो."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. घाडीने वाकून नारळ अख्खाच पाटाजवळ ठेवला.

बाब माझ्याजवळ आला. अगदी जवळ. चेहरा हसरा, आवाज हळू. फक्त मला ऐकू येईल असा.

"तुझी आवस परत पडतली. तेव्हा गेट कोणाचां?"

त्याने पाटावरच्या चाव्या गोळा केल्या. सगळ्यांच्या. खिशात घातल्या. खिसा खणखणला. माणसं माझ्याकडे बघत होती. आभाराने नव्हे. जयराम त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या घरात गरोदर सून होती. त्याला माझा न्हय परवडणारा नव्हता आणि मी त्याला विचारून म्हटला नव्हता.

मी निवडणुकीच्या भरारी पथकाला फोन केला. माणसं आली, कॅमेरा आला, एक हवालदार आला. त्यांनी भाटातल्या माणसांना विचारलं, "इथे मतांसाठी शपथ घ्यायला लावली का?" सगळे गप्प. "मग धार्मिक कार्यक्रम होता?"

"व्हय सायब," एका सुरात.

शिंक आली, गेली.

मग मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथे टेबलामागे एक बाई होत्या. चष्मा नाकावर, समोर थंड झालेला चहा. मी सगळं सांगितलं आणि सवयीने थोडं वाढवून सांगितलं. गेट हत्तींचं केलं, कुलूप माझ्या डोक्याचं केलं. बाई म्हणाल्या, "हत्ती काढा. बाकीचं लिहून द्या." मग सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मुंडकाराची वाट अडवता येत नाही. कायदा आहे तसा, आपल्याच राज्याचा. सुनावणी होईल. आजारी माणूस घरात आहे, हे वर ठळक लिहा."

"म्हणजे कायदा माझ्या बाजूला?"

"हो."

"आणि गेट त्याच्या बाजूला."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणून तर अर्ज." मग एक वाक्य त्या जाता जाता बोलल्या. त्यांना ते साधं वाटलं असेल, रोज कुणाला ना कुणाला सांगत असतील. "आणि मत कोणाला दिलंत, हे तुम्हाला कोणी विचारू शकत नाही. भाटकार नाही, पोलीस नाही, मी नाही. तुमची बायकोसुद्धा नाही."

"बायकोसुद्धा?"

"तीसुद्धा नाही."

माझी बायको मी कुठे गेलो, काय खाल्लं, कुणाशी बोललो, सगळं विचारते. आणि तिलाही न सांगण्याजोगं माझ्याकडे काहीतरी होतं! माझं, एकट्याचं. घराखालची माती माझी नाही. माड माझे नाहीत. गेट माझं नाही. पण ही एक गोष्ट अशी होती, की तिच्यावर सोप्यावरून कुणाचा हात पोचत नव्हता. आणि मी ती दर निवडणुकीला स्वतःच्या पायाने अंगणात नेऊन, एका कप चहाला, ओतून येत होतो.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसलो. गिऱ्हाईकं हाका मारून गेली.

मतदानाच्या सकाळी हवालदार आला आणि गेट उघडायला लावलं. वरून हुकूम होता. मतदाराची वाट अडवायची नाही. बाबने हसत हसत कुलूप काढलं. गेट सताड उघडं. मी आमच्या घराच्या दारातून रस्ता पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहिला. किती जवळ होता!

बाबची जीप आली. मुंडकार चढले. जयराम चढला. जीप माझ्यासमोर थांबली आणि ड्रायव्हरने दार उघडं धरलं. मी माझी मोटरसायकल थेट अंगणात आणली होती. आईला मागे बसवलं, तिला माझ्या पाठीशी साडीने बांधलं, तिचा डावा हात माझ्या शर्टाच्या खिशात घातला. "झिला," ती म्हणाली, "राखणदाराक बशयलंस तसां माका पाडू नको हां!"

शाळेत तिला चाकाची खुर्ची दिली. कुणीतरी विचारलं, बरोबर आत कुणी यायला हवं का? "उजवो हात आसा," ती म्हणाली आणि एकटी आत गेली. शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात. तो हात आता काही करत नाही. भाकरी थापत नाही, नारळ धरत नाही. तो त्या माणसाने उचलला, बोट सरळ केलं आणि शाई लावली. तिने कुणाला दिलं, मी विचारलं नाही. विचारायचा मोह झाला होता. जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी गेटाला पुन्हा कुलूप.

हे नीट ऐका. मत द्यायला बाहेर जाता यावं म्हणून गेट एक दिवस उघडलं. जगायला बाहेर जाता यावं म्हणून नाही.

पण तिकडे भाटकाराच्या अंगणात काहीतरी बिनसलं होतं. जीपमधून परतलेले सगळे नेहमीसारखे रांगेने गेले होते. "कोणाक?" "तुमच्याच माणसाक, बाब." "कोणाक?" "तुमच्याच." सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, आणि जयरामनेच मला नंतर सांगितलं, गेटापाशी, इकडेतिकडे बघत, की बाबने कुणालाही चहा दिला नाही. एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघत बसला. एक न्हय ऐकल्यावर त्याला कुठल्याच व्हयवर विश्वास बसेना. पिढ्यान् पिढ्या जमवलेले व्हय, आणि त्यांतला खरा कुठला तेच कळेना.

"मगे तू खरां सांगलंस?" मी जयरामला विचारलं.

जयरामने माझ्याकडे बघितलं. "तू कोण इचारणारो?" म्हणाला आणि फटीतून आत गेला.

तेव्हा मला कळलं, हा रोग पसरतोय.

शेवटी बाब माझ्या दाराशी आला. भाटकार मुंडकाराच्या दाराशी! माझ्या आजाने हे स्वप्नात पाहिलं असतं तर घाबरून उठला असता. मी आत बोलावलं नाही. तो माझ्या पायरीखाली उभा होता, मी वर. हे कुणी ठरवलं नव्हतं. पाय आपोआप थांबतात.

त्याने तळहात पुढे केला. तळहातावर पितळी चावी, लाल दोऱ्याची.

"तुझ्यावर माजो राग नाय, रे बाबा. कोणाकय दिलां आसूंदे. दुसऱ्याक दिलां आसलां तरी चलता. फकत सांग. सांग आणि चावी घे. आवशीक बघ तुझ्या."

आतून आईने ऐकलं होतं. ती भिंत धरून दारापर्यंत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "तुमच्याच माणसाक म्हणान सांग मरे. खोटां सांग. तुझां काय जाता? आयुष्यभर सांगत इलंस!"

बरोबर होतं तिचं. एवढं सोपं खोटं मी उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. एक वाक्य, आणि गेट उघडं. आणि कोण जाणे, ते कदाचित खोटंही नसेल. कदाचित मी त्याच्याच माणसाला दिलं असेल. तुम्हाला काय माहीत? त्यालाही माहीत नाही. त्याचं दुखणं तेच तर आहे.

पण खरं सांगा नाहीतर खोटं सांगा, उत्तर दिलं की त्याचा प्रश्न कबूल झाला. त्याला विचारायचा हक्क आहे, हे कबूल झालं. मग पुन्हा अंगण, पुन्हा रांग, पुन्हा वळचणीचा कप.

"सांगचंय नाय," मी म्हटलं.

तो आईकडे वळला. "गे म्हातारे, तू तरी सांग. तू कोणाक दिलंस?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग तळहातावरच्या चावीकडे पाहिलं. बराच वेळ. तिने ती मागितली असती तर मी तिला अडवणार नव्हतो.

"माका आठवणा नाय, बाब," ती म्हणाली. "हात गेलो, तसां डोकांय गेलां."

साफ खोटं. तिला कुठल्या साली कुठल्या माडाला किती नारळ लागले तेही आठवतं. माझं खोटं बोलणं कुणाकडून आलं, ते मला त्या दिवशी कळलं.

बाबची मूठ मिटली. तो गेला. सायंकाळी फटीलाही तार लावली होती.

ती तार मी कापली. कोयत्याने, दिवसाढवळ्या, मोठ्याने बोलत. पगारी पोरगा बघत होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या साहेबाला सांग, कापली. हे खरं आहे, यात काहीही वाढवलेलं नाही.

सुनावणीची तारीख लागली आहे. मी जाणार. पुढची तारीख दिली, तर पुढच्याला जाणार. आईला गाडीला बांधून नेणार आणि कचेरीच्या बाकावर बसवणार, तिच्या त्या हातासकट. चावी मला हवी आहे. तळहातावरची नको, लाल दोऱ्याची नको, देवापुढे ठेवलेली नको. सरकारी शिक्क्याच्या हुकमाने, दिवसाच्या उजेडात ते गेट निघालं पाहिजे. जयरामच्या सुनेसाठीही निघालं पाहिजे, तो माझ्याशी बोलो न बोलो.

तोवर आई पुन्हा पडू शकते. मला माहीत आहे. रोज सकाळी डोळा उघडला की आधी तेच आठवतं. बाबलाही माहीत आहे. अजून अधूनमधून तो गेटापाशी गाडी थांबवतो, काच खाली करतो आणि एकच शब्द विचारतो.

"कोणाक?"

मी त्याला राखणदाराची गोष्ट सांगतो. हेल्मेटची, दंडाची, मोडलेल्या स्प्रिंगची. रंगवून रंगवून सांगतो, तो काच वर करेपर्यंत. मी सगळ्या जगाला सगळं सांगत आलो. खरं सांगितलं, खोटं सांगितलं, अर्धं सांगितलं. तुम्हालाही एवढं सांगितलं.

ते एक सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका.